मालकाची गाडी

आपण शिंकलो की समोरचा फार तर "सर्दी झाली का?" म्हणतो. आमचे बबनकाका विचारतात, "गेटवर कोन आलंय?"

कासारवाडीत ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. चाकणच्या एका कंपनीत गेटवर होते. रिटायर झाले, पण गेट काही सुटलं नाही. आता ते माणसाच्या अंगात बसवलंय. कातडी म्हणजे कंपाउंडची भिंत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राउंडवरचे वॉचमन. ताप आला, तर "घाबरू नका राव, आत सायरन वाजलाय." लस म्हणजे चोराचा फोटो आधीच केबिनमध्ये चिकटवून ठेवायचा. आमच्या ह्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तर म्हणाले, "वॉचमन नवा दिसतोय. दाण्यालाच दरोडेखोर समजतोय!"

"आमचं मालक अजून ड्युटीवरच हायेत," सुमनकाकू आतून हसायच्या. नवऱ्याला त्या मालकच म्हणतात.

"आणि कंपनीच्या मालकाची गाडी आली तर?" मी एकदा चिडवलं.

"ती अडवायची न्हाई. नवा असताना म्या अडवली व्हती. वळखलंच न्हाई. लई बोलनी खाल्ली!"

गेल्या वर्षी काकूंना किडनी बसवली आणि काकांनी ताळच सोडला. दारात मास्क, आत शिरताच साबण. वर हात उलटेपालटे करून तपासणार. "गोळ्या देऊन तिचे वॉचमन पेंगत ठेवलेत. न्हाईतर नव्या किडनीलाच भाईरची म्हनून हाकलतील. पर वॉचमन पेंगला की चोराचं फावतं. दावा हात!" मला तर वाटायचं, ह्या माणसाचा एक स्क्रू ढिलाच आहे.

परवा काकूंचा रिपोर्ट बिघडला. शरीर किडनी नाकारतंय की काय, अशी डॉक्टरांना शंका आली. दुपारी मी पेज घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. पडदा आपल्याच नादात हलत होता, लांबून लोणावळ्याच्या लोकलचा भोंगा आला आणि विरला. सगळं घरच अर्धवट झोपेत असल्यासारखं. माझे हात तपासायला कुणी उठलं नाही.

काकू डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या कुशीवर तळवा ठेवून काका हळू आवाजात कुणाला तरी विनवत होते.

"सोडा की रं तिला. भाईरची न्हाई ती. माझ्याच अंगातली हाय. वळखा की."

मी पेज घेऊन दारातच थांबले. किडनी काकांची होती, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

काकूंनी डोळे न उघडताच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सांगितलंय म्या त्यास्नी," त्या म्हणाल्या, "मालकाची गाडी हाय, अडवू नका."