एका शब्दाची चार उदाहरणं

सांजदैनिकातले उपसंपादक म्हणजे एकदा ठरवलं की ठरवलं, असे गृहस्थ. हे मत अर्थात त्यांचं स्वतःचं! "माणूस बंदुकीच्या गोळीसारखा असावा," ते म्हणत. "सुटली की सुटली!"

त्या दिवशी सकाळी साडेदहाला संपादकांनी त्यांना बोलावलं. पहिल्या पानावरच्या चौकोनात रोज एक इंग्रजी शब्द समजावणारे प्राध्यापक सदर सोडून गेले होते.

"आजचा चौकोन तुम्ही लिहा. जमला तर सदर कायमचं तुमचं. नावासकट, फोटोसकट! साडेअकराला पान छपाईला सुटतं."

बारा वर्षं बिननावाच्या बातम्या लिहिणाऱ्याला फोटो! उपसंपादक खुर्चीत बसले ते केस विंचरूनच.

प्राध्यापकांच्या यादीतून शब्द निघाला 'व्हॅसिलेटिंग'. अर्थ त्यांनी पाच मिनिटांत उतरवला: 'निर्णय घेताना हेलकावे खाणारा. उशिरा ठरवणाऱ्याला हे विशेषण लावू नये. ठरवलेलं पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्याला लावावं.' उदाहरण तर घरातच होतं! 'माझा मेहुणा व्हॅसिलेटिंग आहे. त्याने एकच फ्रिज चारदा पसंत केला आणि चारदा नापसंत.'

मजकूर पान लावणाऱ्या ताईंकडे गेला. उपसंपादकांनी ऐटीत बायकोला फोन लावून तो वाचून दाखवला.

"अहो, अख्ख्या गावात माझा भाऊच सापडला?"

"नाव कुठं लिहिलंय?"

"तुम्हाला मेहुणे आहेत किती? डझनभर?"

एकच होता. उपसंपादकांनी लगेच इंटरकॉम उचलला. "ताई, मेहुणा काढा. 'माझे साहेब' करा."

"साहेब म्हणजे आपले संपादकच ना, सर?"

बंदुकीची गोळी जागच्या जागी वळली. "मग 'आमचे मालक' करा!"

"लावते."

मालकांवर दोन मिनिटं विचार करताच त्यांना दरदरून घाम फुटला. पुन्हा इंटरकॉम. "ताई, 'माझा शेजारी'!"

"तुमचे शेजारी आपलाच पेपर घेतात ना?"

"घेतात हो! त्यांच्या जिन्यातच माझी सायकल असते! थांबा, मेहुणाच बरा. नको, साहेब!"

आता त्या कचेरीचा एक कडक नियम होता. तोंडी सांगण्यावरून लागलेली ओळ काढायची नाही. नवी ओळ जुनीच्या खाली लावायची आणि लिहिणाऱ्याने प्रूफवर नको त्या ओळी खोडून सही करायची. अकरा पंचविसाला ताई स्वतः प्रूफ घेऊन आल्या. चार ओळी, एकीखाली एक.

"सर, तीन खोडा."

उपसंपादकांनी पेन उघडलं. मेहुण्यावर नेलं, तिथून शेजाऱ्यावर, शेजाऱ्यावरून मालकांवर. मालकांवरून ते असं उडालं जणू तवाच तापलाय!

"सर, तीन मिनिटं!"

"खोडतो हो!"

"सर, एक!"

पेन हवेतच राहिलं. ताईंनी प्रूफ ओढून घेतलं. पान सुटलं, चारही ओळींसकट.

दुपारी पहिला फोन मेहुण्याचा. "भाऊजी, कमाल केलीत! थेट मालकांच्या पंक्तीला बसवलंत! सोसायटीत पेढे वाटू का?" मग विचार करून म्हणाला, "नको, राहू दे. की वाटू?"

दुसरा निरोप संपादकांचा. उपसंपादक त्यांच्या केबिनमध्ये शिरले ते मान खाली घालूनच. टेबलावर अंक उघडा होता.

"मेहुणा पहिला, मी दुसरा, मालक तिसरे," संपादक म्हणाले. "सेवाज्येष्ठता काही आहे की नाही?"

"साहेब, चूक झाली..."

"चूक? मालकांचा फोन होता. म्हणाले, प्राध्यापकांनी सात वर्षांत एकही शब्द डोक्यात शिरवला नाही. हा मात्र चार ओळींत शिरला. सदर तुमचं! घेताय?"

"घेतो!" उपसंपादक ताडकन म्हणाले. हात मिळवला, छाती काढून दारापर्यंत गेले, आणि उंबऱ्यावर थबकले.

"साहेब... फोटो समोरून काढायचा की बाजूने? म्हणजे, बाजूनेच बरा. नाही, समोरूनच! तसं म्हटलं तर, उद्या सांगितलं तर चालेल?"