चावीवाल्यांचं लायसन

सरकारच्या असं ध्यानात आलं, की माणसं एकमेकांना घरं विकतात आणि त्याचं लायसन कुणाकडेच नाही. बाब गंभीर होती. तेव्हा घरविक्री खातं निघालं, खात्याला इमारत मिळाली, आणि घर दाखवून विकणाऱ्या प्रत्येकानं आधी परीक्षा द्यावी असा हुकूम सुटला.

चावीवाल्यांना हे कळलं ते जावयाकडून, आणि तिथंच घोळ झाला. चावीवाले म्हणजे साधा गडी. कमरेला चाव्यांचा जुडगा, पायात झिजलेल्या चपला. आसपास कुणाचंही घर विकायचं असलं की लोक त्यांनाच हाक मारायचे. त्यांची एक खोड होती. गिऱ्हाईक दारात पाऊल टाकायच्या आत ते घराची खोट सांगून मोकळे व्हायचे. मोरी तुंबते, वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे उड्या मारतो, ही भिंत पावसात रडते. एवढं ऐकूनही जो आत यायचा, तो घर घेऊनच जायचा.

जावयानं पहिल्याच झटक्यात लायसन काढलं, चौकटीत बसवलं आणि सासऱ्याच्या दुकानात सासऱ्याच्याच खुर्चीमागे टांगलं. कायदा असा, की बिनलायसनी माणसानं लायसनवाल्याच्या हाताखाली 'मदतनीस' म्हणून राहायचं. म्हणजे खुर्ची जावयाची आणि स्टूल सासऱ्याचं.

"मामा, मनाला लावून घेऊ नका," जावई म्हणाला. "मी काय परका आहे? तुम्ही सकाळी फक्त झाडून घेत जा."

चावीवाल्यांच्या बायकोनं हे ऐकलं आणि चहाचा कप असा आपटला की निम्मा चहा बशीत आला. म्हणाली, "पोरगी दिली तेवढं पुरे झालं. आता नवरा द्यायची नाही मी."

झालं. चावीवाल्यांनी अर्ज ठोकला.

आधी वर्ग होता. विषय, 'घर : एक संकल्पना'. शिकवणारे मास्तर स्वतः एका मित्राच्या व्हरांड्यात राहत होते, आणि तास संपला की एकेकाला बाजूला घेऊन, कुठं खोली आहे का हो, असं हळूच विचारायचे. त्यानंतर चारित्र्याचा दाखला. तो चारही दिशांच्या शेजाऱ्यांनी द्यायचा. तीन दिशांनी दिला. चौथ्या दिशेला विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. चावीवाल्यांनी ही अडचण कारकुनापुढं मांडली. कारकुनानं नियम वर-खाली वाचला आणि ट्रान्सफॉर्मरचं म्हणणं घेऊन या म्हणाला. वीजवाल्यांनीही काही खळखळ केली नाही. 'सदर यंत्रास अर्जदाराविषयी तक्रार नाही. मात्र अर्जदार जवळ आल्यास यंत्र जबाबदार नाही,' असं लिहून शिक्का मारून दिलं.

राहिली तोंडी परीक्षा. त्यासाठी खात्यानं तिसऱ्या मजल्यावर, फायलींच्या कपाटांमध्ये, एक घर उभं केलं होतं. दार खरं, शेगडी खरी, नळ खरा पण कोरडा. खिडकी मात्र भिंतीवर रंगवलेली. खिडकीत तळं, तळ्यात दोन बदकं. आत सरकारनं नेमलेलं जोडपं बसायचं. नवरा हिशेब विभागातला, बायको टपाल विभागातली. दोघांनी अभ्यासक्रमाप्रमाणे भांडायचं आणि उमेदवारानं त्यांना तेच घर विकायचं. विक्री खरीखुरी ठरली पाहिजे, नाहीतर नापास.

चावीवाले आत गेले, खिडकीवर बोटं वाजवली आणि सवयीनं बोलले, "साहेब, ही भिंत आहे. नळाला पाणी नाही. माझं ऐकाल तर घेऊ नका."

शेरा आला : उमेदवार खरं बोलतो, परंतु तयारी नसताना बोलतो. नापास.

त्या संध्याकाळी जावयानं त्यांना स्वयंपाकघरात समोर बसवलं. "मामा, खोटं बोलायचंच नाही. तो गुन्हा आहे. खऱ्याला फक्त आंघोळ घालून, भांग पाडून बाहेर आणायचं. भिंत ओली नसते, भिंतीत गारवा असतो. अंधार नसतो, डोळ्यांना आराम असतो. वरचा उड्या मारत नाही, वर माणसांची जाग असते."

"अस्सं," बायको चुलीपाशी उभी होती ती म्हणाली. "तरीच. तुमचं स्थळ आलं तेव्हा मधला माणूस म्हणालेला, मुलगा शांत आहे."

जावई पाणी प्यायला उठला.

चावीवाल्यांना हे सुरुवातीला जडच गेलं. जीभ आपोआप घराची खोट सांगायला वळायची. पण डोळ्यांपुढं ते स्टूल होतं. त्यांनी घरातल्या घरात सराव केला. करपलेल्या भाजीला खोल चवीची म्हणाले, फाटक्या बनियनला हवेशीर म्हणाले. एक दिवस बायकोलाच ते भारदस्त म्हणाले आणि रात्री त्यांना ताट स्वतः वाढून घ्यावं लागलं. पण जीभ वळली.

दुसऱ्या खेपेला ते त्या रंगीत खिडकीपाशी उभे राहिले आणि टपालवाल्या बाईंकडे वळून मायेनं बोलायला लागले. "ताई, ह्या तळ्यावर कधी डास होणार नाही. समोर कुणी इमारत बांधणार नाही. ही बदकं तुम्हाला सोडून जाणार नाहीत."

एकही शब्द खोटा नव्हता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या खऱ्या घराच्या खिडकीतून गॅरेज दिसायचं.

हिशेबवाल्या नवऱ्यानं शेजाराचं विचारलं. "शेजार सरकारी आहे, साहेब. संध्याकाळनंतर चिटपाखरू नाही. दिवसाही कुणी घाई करत नाही."

जोडपं कोपऱ्यात जाऊन अभ्यासक्रमात नसलेलं कुजबुजलं. परत आले ते, घेतो म्हणत. आणि त्यांनी घेतलं. चावीवाले पास. विक्री खरीखुरी ठरली पाहिजे हा नियमच होता, तेव्हा ताबाही द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी फायलींच्या कपाटावर चादरी वाळत होत्या. बाईंचा खरा नवरा सामान घेऊन आला, तर सरकारी नवरा आधीच टॉवेल गुंडाळून कोरड्या नळाखाली वाट बघत बसलेला. यांतला कोणता कायम ठेवायचा, हा प्रश्न वर पाठवलाय. उत्तर आलं नाही.

खात्याकडे परीक्षेला घर उरलं नाही. नवीन लायसनं थांबली, आणि जुनी पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय पुढं चालेनात. जावयाची मुदत संपली. चावीवाले खुर्चीत बसले आणि जावई मुकाट्यानं स्टुलावर गेला.

पहिलंच गिऱ्हाईक नवराबायको होते. लायसन मिळाल्याच्या आनंदात चावीवाल्यांची जीभ जुन्या वाटेला गेली, आणि पावसात भिंत रडते हे ते बोलून बसले. बाईंचा चेहराच उतरला. नवरा चिडून म्हणाला, "अहो, लायसनवाले ना तुम्ही? मग नीट सांगा की."

चावीवाल्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "गारवा आहे," ते म्हणाले. दोघांना हायसं वाटलं. घर तिथंच गेलं.

हसताय, हसा. पण परवा तुमच्याकडे पाहुणे आलेले, तेव्हा तुम्ही त्यांना सगळं घर हिंडून दाखवलंत. गॅलरीत उभं करून वारा खायला लावलंत. आतल्या खोलीचं दार मात्र पसारा आहे म्हणून लोटून घेतलंत, आणि मोठं कपाट अगदी त्याच भिंतीला का लावलंय, ते बोलला नाहीत. लायसन नसताना इतकं झकास काम चावीवाल्यांनाही जमलं नसतं. ते पाहुणे आता तुमच्याच इमारतीत जागा बघतायत.