वानखेडे साहेबांचा ब्रेक

घरात आजवर कोणाला सांगितलं नाही, ते इथे सांगतो. वानखेडे साहेबांनी माझं तासन्‌तास स्क्रोल करणं सोडवलं, असं आमच्या कॉलनीत सगळे समजतात. सोडवलं नव्हतं. कित्येक महिने मी त्या माणसाचे आभार मानले, त्याला पोहे खाऊ घातले आणि त्याची पाठ वळली की पुन्हा तेच केलं.

पण आधी साहेब कळायला हवेत.

वानखेडे मूळचे अमरावतीचे. इथे उत्तरेत, मानक नगरच्या रेल्वे ऑफिसात त्यांनी सारी नोकरी मालगाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली, आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. साहेब निवृत्त झाले, त्यांचा उजवा पाय काही झाला नाही. ई-रिक्षात ते ड्रायव्हरशेजारीच बसतात आणि पुढे गाय, खड्डा किंवा दुसरी ई-रिक्षा दिसली की पाय पत्र्यावर करकचून दाबतात. उतरताना सांगतात, "भैया, ब्रेक ज़रा देर से लगाते हो." कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकण्याआधी विचारतात, "पळते, ते ठीक आहे जी. थांबते कशी?" आमच्या शेजाऱ्यांच्या जावयाशी ओळख झाली तेव्हाही ते माझ्या कानात म्हणाले होते, "पोरगा बोलतो छान जी. थांबतो का?"

निवृत्तीनंतर त्यांनी चिनहटला फ्लॅट घेतला. म्हणजे शहराचं दुसरं टोक. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथे जेमतेम काही महिने राहिल्या आणि वारल्या. मुलगा बंगळूरला. याबद्दल साहेब काही बोलत नाहीत, आणि मी विचारण्यातला नाही.

दर रविवारी मात्र विहारातली वंदना आटोपली की साहेब ई-रिक्षा, मग मेट्रो, मग पुन्हा ई-रिक्षा करत आमच्या कॉलनीत येतात. मेट्रोवर खूश असतात. "हझरतगंजला काय थांबते जी! कपातला चहा हलणार नाही." येण्याचं काम एकच: लोकांच्या कॉम्प्युटरला ब्रेक बसवणं.

हे वेड त्यांना कसं लागलं, तर एकदा त्यांनी मला ऑफिसच्या कामाला म्हणून लॅपटॉप उघडून, कोण कुठली एक अनोळखी बाई मेथी निवडतेय, तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघताना पकडलं. मेथी संपली, तशी मी दुसऱ्या बाईची चवळी लावली. साहेब मागे उभे.

"शिंदे, हे पान संपते कुठं?"

"संपत नाही साहेब. खाली येतच राहतं."

"म्हणजे उतारावर सोडलेली गाडी!" साहेबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला होता.

पुढच्या रविवारी ते तयारीनिशी आले. ब्राउझरमध्ये बसवायची छोटी छोटी अवजारं त्यांनी शोधली होती. एक न संपणारी फीडच लपवतं, एक ठरलेल्या वेळेनंतर साइट बंद करतं, एक पान उघडण्याआधी नुसतं थांबवून ठेवतं. पण साहेबांना कुठलंच आहे तसं पसंत नव्हतं. बशी बाजूला सारून त्यांनी मला, जणू मी कालच नोकरीला लागलोय, असं समजावलं.

"रेल्वेचा ब्रेक कसा असते? पाइपात हवा भरली की सुटते, हवा गेली की आपोआप लागते. डबा तुटून मागं राहिला तरी तो उभा राहतो. तसंच इथं करायचं. सगळं बंद. जे लागेल, तेवढंच हवा भरून उघडायचं."

त्यांनी खरोखर सगळं बंद केलं. वीजबिलाची साइटही. गॅस बुकिंगही. माझी मुलगी ईशा परीक्षेचा फॉर्म भरायला बसली, तर तिच्यापुढे पांढरं पान आणि त्यावर साहेबांनी टाइप केलेलं वाक्य: बेटा, पहले पढ़ाई.

"अंकल, पढ़ाई का ही फॉर्म है! ये तो टॉर्चर है!"

"टॉर्चर नहीं बेटा, ट्रायल है."

हळूहळू ट्रायल सुधारली. अडवलेल्या पानावर आपलं वाक्य लिहिता येतं, हे त्यांना फार आवडलं होतं. प्रत्येक घराला त्यांनी वेगळं वाक्य दिलं. रेसिपी बघत बसणाऱ्या सक्सेना भाभींना: भाभीजी, दूध. राजकारणावरून ओळखपाळख नसलेल्यांशी भांडणाऱ्या मिश्राजींना: गोली ले ली? माझ्या पानावर होतं: शिंदे, पाय दाबा.

सक्सेना भाभी म्हणतात, तेव्हापासून त्यांचं दूध उतू गेलेलं नाही. मिश्राजी आता प्रत्यक्ष समोर बसून भांडतात. आणि सुधारलेला म्हणून साहेब ज्याचं उदाहरण घरोघरी देत होते, तो मी.

मी काय करत होतो? ब्राउझरमध्ये एक खाजगी खिडकी उघडता येते. वेगळी परवानगी दिल्याशिवाय तिच्यात ही अवजारं चालत नाहीत. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून माझी मेथी, माझी चवळी आणि माझ्या गावाकडच्या, साताऱ्याच्या लोकांनी ग्रुपवर एकमेकांना वाहिलेली लाखोली, सगळं त्या खिडकीत चालू होतं.

मग तो रविवार आला. साहेबांनी माझा लॅपटॉप तपासला, मान डोलावली. माझ्या बायकोने, सुनंदाने, मटार घातलेले पोहे आणले. वर तिखट रश्शाची तर्री नसलेले पोहे साहेब उपचार म्हणून खातात, पण तिला कधी बोलून दाखवत नाहीत. आणि अगदी मनापासून, त्यांच्या काळजीने, सुनंदा म्हणाली, "भाऊ, आता हे सुधारले. तुम्ही या वयात चिनहटहून इतकी उठाठेव कशाला करता? आराम करा रविवारी."

साहेबांचा चमचा थांबला. मालगाडी थांबते तसा, जरा पुढे जाऊन.

"खरं आहे वहिनी," ते म्हणाले. "टेस्ट पास झाली म्हणजे फाइल बंद." चष्मा काढून त्यांनी पुसला, डबीत ठेवला. पोहे तर आत्ता कुठे आले होते, निघायची वेळ झाली नव्हती. चष्मा डबीत ठेवायचं काही कारण नव्हतं.

मी ती डबी बघत राहिलो. ती खिशात गेली, की हा माणूस पुढच्या रविवारी वंदना करून सरळ घरी जाणार आणि चिनहटच्या त्या फ्लॅटमध्ये बसणार. त्याला थांबवायचं, तर माझ्याकडे एकच गोष्ट होती.

सुनंदा चहा टाकायला आत गेली. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, खाजगी खिडकी उघडली. मेथीवाली बाई हजर.

"साहेब, ब्रेक फेल आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून. मी तुम्हाला फसवत होतो."

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे जी."

"कधीपासून?"

"बसवला तेव्हापासून. ब्रेक कुठून निसटते, हे न पाहता मी कोणता ब्रेक पास केला आजवर? त्या खिडकीत चालायची परवानगी अवजाराला मीच दिली नाही."

"मग बंद का नाही केलंत?"

ते पोह्यांतले मटार एका बाजूला लावत राहिले. "बंद केलं असतं, तर फाइल बंद झाली असती. मग कशाला येणार होतो मी इकडं? आठवडाभर पाइपातली हवा जाते जी. रविवारी भरून नेतो."

आतून सुनंदाने विचारलं, "साखर किती, भाऊ?"

"नेहमीसारखी, वहिनी!" साहेब ओरडले, आणि डबीतून चष्मा बाहेर आला. त्यांनी ती परवानगी तिथल्या तिथे देऊन टाकली. मेथीवाली बाई गेली. तिच्या जागी माझं वाक्य आलं. सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, एक राहिलंच. याच्या मोबाइलची ट्रायल बाकी आहे. वेळ लागंल."

"लागू दे," सुनंदा म्हणाली.

लागतोय. मी आता खरंच कमी बघतो. रविवारी उन्हात खुर्च्या टाकतो आणि साहेब माझा मोबाइल उलटसुलट करत चुका शोधतात. बरं चाललं आहे आमचं.

फक्त इतक्या वर्षांत ते माझ्याकडे आले, मी त्यांच्याकडे गेलो नाही. चिनहटच्या त्या घराचं दार मी अजून पाहिलेलं नाही. तो एक रविवार माझ्याकडून यायचा आहे.