उत्पादन अ, निळे, मध्यम

सकाळी दुकान उघडून धाकटीने कम्प्युटर सुरू केला, तर काल दुकान बंद झाल्यावर हॉटेलची ऑर्डर येऊन पडली होती. फिनेलचे कॅन, लांब दांड्याचे मॉप, काचा पुसायचे वायपर, निळ्या बादल्या, निळी फडकी, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. सगळं नेहमीचंच. ती खुशीत येणार एवढ्यात तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिथे लिहिलं होतं, 'उत्पादन अ, निळे, मध्यम. चाळीस नग.'

"ताई, हे काय आहे?"

थोरल्या जावेने चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं. "निळं आहे," ती म्हणाली. "आणि मध्यम."

"ते मलाही वाचता येतं. पण आपण विकतो का असलं काही?"

"यादीत आहे म्हणजे विकत असू."

साफसफाईच्या सामानाचं हे दुकान दोघी जावा चालवायच्या. नवरे टेंपोवर असत. माल पोचवायचा, आणि दुकानात काही बिनसलं की टेंपोत डिझेल भरायचं राहिलंय हे नेमकं आठवायचं, ही त्यांची कामं. दुकानाचा कायदा थोरलीचा होता आणि त्याला एकच कलम होतं. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. वस्तू नसली तरी 'आहे ना!' म्हणून मोकळं व्हायचं, मग मागच्या दाराने पळत जाऊन कुठूनतरी पैदा करायची. या कायद्याच्या जोरावरच हॉटेल मिळालं होतं, आणि आता दुकानाचा बहुतेक सगळा धंदा त्या एका हॉटेलवर चालत होता.

यंदा मात्र हॉटेलने कळवलं होतं की मालाची यादी सॉफ्टवेअरवर हवी, ऑर्डर कम्प्युटरवरूनच येईल. वर्षाचा करार संपत आला होता. खरेदी अधिकारी आज संध्याकाळी स्वतः येऊन ही पहिली ऑर्डर तपासणार, आणि सगळं चोख असलं तरच नव्या करारावर सही करणार. सही झाली नाही तर दुकानाला कुलूप लावायचं, हे दोघींना बोलून न दाखवताही ठाऊक होतं.

धाकटीने मूळ शीट उघडली. सॉफ्टवेअरवाल्याने माल भरायला जी कोरी शीट पाठवली होती, तिच्यात वर रकान्यांची नावं होती आणि त्याखाली, कसं भरायचं ते कळावं म्हणून, एक उदाहरणाची ओळ, 'उत्पादन अ, निळे, मध्यम'. ती ओळ तिथेच होती. शीटबरोबर ती इमानेइतबारे सॉफ्टवेअरमध्ये चढली होती, आणि तिथून हॉटेलपर्यंत पोचली होती.

"ही पुसायची होती ताई! मी पुसत होते, तुम्ही हात धरलात!"

"तोच म्हणाला ना, वरती हात लावू नका, नाहीतर फाइल चढणार नाही?"

"वरती म्हणजे रकान्यांच्या नावांना!"

"मग तसं नीट सांगायचं. आपण आपलं वरचं सगळंच सोवळ्यात ठेवलं."

"मी आत्ता हॉटेलला फोन करते. चूक झाली म्हणून सरळ सांगते."

"करार व्हायच्या दिवशी? तुला काही कळतं का?"

धाकटीने फोनकडे हात नेला आणि तो आपणहूनच वाजला. थोरलीने झडप घालून उचलला. पलीकडे खुद्द खरेदी अधिकारी होते.

"ताई, ते आपलं... उत्पादन अ. आहे ना तुमच्याकडे?"

"आहे ना!" थोरली म्हणाली. एवढ्यावर थांबेल तर ती थोरली कसली. "कालच नवा माल उतरलाय."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला.

मग तिने सॉफ्टवेअरवाल्याला गाठलं. ऑर्डर लागलेली वस्तू यादीतून काढता येत नाही, असं त्याने फार गोड आवाजात सांगितलं. "त्यापेक्षा साठा शून्य करा ना मॅडम." धाकटीने साठा शून्य केला. माल संपला की घाऊक व्यापाऱ्याला आपोआप मागणी जाते, ही सोय तिनेच हौसेने चालू करून घेतली होती. सॉफ्टवेअरने क्षणाचाही उशीर केला नाही. चहा गार व्हायच्या आत व्यापाऱ्याचा फोन आला.

"वहिनी, तुमच्या उत्पादन अ मध्ये निळं जरा कमी आहे. हिरवं पाठवू?"

धाकटी खुर्चीतून उठलीच. "म्हणजे तुमच्याकडे आहे ते?"

"आहे ना!"

"कसं असतं हो दिसायला?"

व्यापारी म्हणाला, "आवाज तुटतोय वहिनी," आणि फोन बंद झाला. थोरलीचा कायदा एका दुकानापुरता नव्हता तर.

दुपारभर दोघींनी दुकान उलटंपालटं केलं. थोरलीने निळी बादली पुढे केली.

"बादल्या ऑर्डरमध्ये बादल्या म्हणूनच आहेत," धाकटी म्हणाली.

"फडकी?"

"तीही आहेत. निळं म्हणून जे जे आपल्याकडे आहे, ते सगळं त्यांनी नाव घेऊन मागवलंय!"

थोरलीचा आवाज पहिल्यांदाच बसला. "मग संपलंच की गं."

ती शिडीवर चढली ते बहुधा धाकटीला डोळे दिसू नयेत म्हणून. पण उतरली ती माळ्यावरचं एक धुळकट खोकं घेऊन. आत प्लॅस्टिकच्या पन्नासेक वस्तू होत्या. एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला भोकं, मधे उगाचच एक वळण. फार पूर्वी कुठल्यातरी विक्रेत्याने त्या गळ्यात मारल्या होत्या, कारण थोरलीला विक्रेत्यालाही नाही म्हणता येत नसे. त्या कशासाठी असतात हे तेव्हाही कुणाला कळलं नव्हतं. रंगाने निळ्या होत्या. मोठ्या म्हणाव्यात तर मोठ्या नव्हत्या, लहानही नव्हत्या.

"नाही," धाकटी म्हणाली. "हे मी देऊ देणार नाही. ही सरळसरळ फसवणूक आहे. साहेब आले की मी खरं काय ते सांगणार. हॉटेल गेलं तर गेलं."

"आणि आपण काय खायचं?"

धाकटीने खोकं टेबलाखाली ढकललं आणि दाराकडे बघत बसली.

अधिकारी आले तेव्हा त्यांच्या शर्टाची कॉलर घामाने भिजली होती. बादल्या, मॉप, फडकी त्यांनी नुसती नजरेखालून घातली. धाकटी उभी राहिली.

"साहेब, ते शेवटचं जे आहे ना, त्याबद्दल मला—"

"मलाही त्याबद्दलच बोलायचंय," अधिकारी घाईघाईने म्हणाले, आणि दार लोटून घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, कुठे बोलू नका. यादीतली जी वस्तू आमच्या कोठारात नसेल ती आमचा कम्प्युटर आपणहून मागवतो. मी न वाचता मंजूर केलं. काल मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय मागवलंय? आता न वाचता सही केली असं कसं सांगू? म्हटलं, साहेब, याच्याशिवाय हॉटेल चालूच शकत नाही. जुनी सगळी झिजलीत."

"मग?"

"मग त्यांनी त्याच्यासाठी वेगळं कपाट करून घेतलं. उद्या सकाळी ते स्वतः बघायला येणार आहेत. कपाट रिकामं दिसलं तर माझी नोकरी गेली, ताई. ते जे काही असतं, ते आहे ना हो तुमच्याकडे?"

आयुष्यात प्रथमच थोरलीने दुसऱ्याला बोलायची संधी दिली.

धाकटीने एकदा त्या भिजलेल्या कॉलरकडे पाहिलं. मग ती खाली वाकली, खोकं बाहेर ओढलं, पदराने वरची धूळ पुसली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "निळं, मध्यम. मोजून घ्या."

अधिकाऱ्यांनी एक नग हातात घेतला. मूठ धरून पाहिली. भोकांतून उजेडाकडे पाहिलं. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले, चेहऱ्यावर अधिकार परत आला. खिशातून पेन काढून त्यांनी करारावर सही ठोकली आणि तो नग पुन्हा एकदा उलटासुलटा केला.

"छान," ते म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा दर्जा पुष्कळ सुधारलाय."