चौकटीत बसलेलं घर

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मी आजवर सांगितलेलं कुणालाच खरं वाटलेलं नाही, पण त्यातलं निम्मं तरी खरं निघालं, आणि हे त्या निम्म्यातलं आहे. शिवाय नकाशे छापायच्या या दुकानात आपण सगळेच रांगेत अडकलोय, आणि माझ्यापुढच्या बाईंच्या काखेतली ती गुंडाळी पाहून मला गप्प राहवत नाही.

तर माझी ताई आणि भाऊजी. दोघांचा संसार अशा भाड्याच्या जागेत झाला, की स्वयंपाकघरात एक जण शिरला की दुसऱ्याला उलट्या पावली बाहेर यावं लागे. भांडायचं तरी आळीपाळीनं. म्हणून स्वतःचं घर बांधायचं ठरलं तेव्हा ताईची अट एकच होती. "दोघांना शेजारी शेजारी उभं राहता येईल असं स्वयंपाकघर. बाकी काय वाट्टेल ते बांधा."

ड्राफ्ट्समननं कॉम्प्युटरवर घर काढलं, सुरेख काढलं. भोवती चौकट, खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक, म्हणजे नाव, प्रमाण आणि सह्यांचे रकाने. प्रमाण एकास शंभर: कागदावरचा सेंटीमीटर म्हणजे जागेवरचा मीटर. नकाशा मंजुरीला गेला.

छाननी अधिकाऱ्यांनी घराकडे पाहिलंच नाही. चौकटीकडे पाहिलं.

"डावीकडचा समास कमी आहे. फायलीची भोकं कुठे पाडायची, स्वयंपाकघरात?"

ड्राफ्ट्समननं चौकट आत सरकवली, ती घराला अडली. मग त्यानं 'फिट टू पेपर' नावाचं एक बटण असतं, ते दाबलं. हे बटण स्वभावानं फार समजूतदार. जे बसत नाही ते बसेपर्यंत लहान करतं आणि कुणाजवळ बोलत नाही. (इथे बाईंनी गुंडाळी जरा घट्ट धरली.)

पुढच्या खेपेला शिक्क्यांसाठी उजवा समास अपुरा पडला. नंतर बोधचिन्हासाठी वरचा. मग सह्या करणारे वाढले, म्हणून टायटल ब्लॉक रुंद करण्याचं परिपत्रक निघालं. चौकट बाळसं धरत गेली, आतलं घर अंग चोरत गेलं.

अखेर अधिकारी म्हणाले, "चौकट आदर्श झाली. आता घर बघू." आणि त्यांनी पट्टी लावली. "स्वयंपाकघर दीड मीटरच भरतंय."

"साहेब, छापताना ते आकसलंय," ड्राफ्ट्समन म्हणाला. "शेजारी तीन मीटर लिहिलंय की."

"आकडे कुणीही लिहील. पट्टी खोटं बोलत नाही."

"मग प्रमाण एकास दोनशे लिहितो."

"नियमात एकास शंभरच आहे."

"मोठ्या कागदावर छापतो."

"मोठा कागद फायलीत मावत नाही."

भाऊजींचा चेहरा पडला. अधिकारी मनानं वाईट नव्हते. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि मार्ग काढला. "एवढ्याशा खोलीला नियमात स्वयंपाकघर म्हणतच नाहीत. कपाट म्हणतात. कपाटाला किमान मापाची अट नाही. मंजूर."

"आणि स्वयंपाक?"

"तो कुठेही करा. नकाशाच्या आत असला म्हणजे झालं."

आता बांधकाम मंजूर नकाशाबरहुकूम हवं, नाहीतर राहायला जायचा दाखला मिळत नाही. गवंडी पट्टी घेऊन आला आणि इमानेइतबारे बांधत गेला. झोपायच्या खोलीत माणूस तिरका मावला. बैठकीत पाहुण्यानं बसायचं ठरवून यावं, नाहीतर उभं राहायचं ठरवून यावं, मध्येच विचार बदलायची सोय नव्हती. कपाटात ताई मावली, भाऊजी दाराबाहेरून तिच्याशी बोलले. म्हणजे पुन्हा तेच.

मग गवंडी नकाशाच्या कडेवर बोट ठेवून थांबला. "आणि ही जाड रेघ?"

"ती नुसती कागदाची चौकट हो."

"जाड रेघ म्हणजे भिंत. वर शिक्का आहे. नाही बांधली तर दाखला अडेल."

बांधली. ती शेजाऱ्याच्या बागेतून गेली. शेजाऱ्यानं तक्रार केली, त्याला लेखी उत्तर आलं: 'आपले वास्तव्य मंजूर समासात आढळून आले आहे. कृपया समास मोकळा ठेवावा.'

चौकटीपाठोपाठ टायटल ब्लॉकही उभा राहिला. नावाची खोली लांबट, प्रमाणाची चिंचोळी, पण सह्यांचा रकाना काय सांगू, हवेशीर, ऐसपैस. ताईनं शेगडी उचलली आणि तिथे मांडली.

"सरक जरा," भाऊजी सवयीनं म्हणाले.

"कशाला सरकू? पलीकडे मोकळंच आहे."

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. त्या नादात भाऊजींनी चहा दोनदा उतू घालवला.

शेजारी मात्र टपून होता. आठवडा जातो न जातो तोच नोटीस आली: सह्यांच्या रकान्यात शेगडी पेटलेली आढळली, सबब सहीस जागा नाही. शेगडी हलवा, अन्यथा सही नाही, आणि सही नाही तर दाखला नाही.

"शेगडी हलायची नाही," ताई म्हणाली. "दाखला नाही मिळाला तरी बेहत्तर. पुन्हा उलट्या पावली चालायचं वय राहिलं नाही माझं."

भाऊजी प्रथमच तिच्या बाजूनं उभे राहिले, कारण प्रथमच बाजूला जागा होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं माहितीये? छाननी अधिकारी कुणी न बोलावता स्वतः जागेवर आले. घर नीट पाहिलं. "चूक आमची आहे," म्हणाले. शेगडीच्या वर, भिंतीवरच, लफ्फेदार सही केली, खाली 'स्वयंपाक मंजूर' लिहिलं, आणि ताईच्या हातात दाखला ठेवून…

"थांबा," गुंडाळीवाल्या बाई म्हणाल्या. "आजोबा, इथवरचं सगळं पटलं. पण न बोलावता साहेब जागेवर आले, हे साफ खोटं."