सिकंदरचाचांची पिवळी एडिशन

आमच्या शेजारचे सिकंदरचाचा अधूनमधून नवी गाडी काढतात. गाडी तीच असते.

चाचा निवृत्त टेलर. त्यांची छोटी मोटार माझ्या लग्नाच्याही आधीची. परदेशातली एक कंपनी आपली जुनीच स्पोर्ट्स कार दरवर्षी नवे पट्टे मारून, नवं नाव देऊन ‘खास एडिशन’ म्हणून विकते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि आमच्या कळंब्यातल्या गल्लीची शांतता संपली.

"इंजन तेच हाय की त्यांचं बी," चाचांनी मला समजावलं. "मग मी काय पाप केलंय?"

पहिली निघाली निळी, ‘रंकाळा एडिशन’. मग लाल, ‘तांबडा रस्सा एडिशन’. सीटकव्हरं स्वतः शिवलेली, त्यांना कोटासारखे आतून खिसे. दरवेळी गल्लीत पेढे, दरवेळी "आता हीच शेवटची", आणि दरवेळी गाडी सुरू व्हायला मागून धक्का मारणारा मी. एडिशन बदलत गेल्या, माझी कंबर मात्र जुनीच होत गेली.

यंदा गाडी पिवळी झाली. इतकी पिवळी, की बघताना डोळे बारीक करावे लागत. पहिल्याच फेरीत ती गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. धक्का मारून मारून मी थकलो आणि चाचांना सरळ म्हणालो, आता विका ही भंगारात, झेपत नाही मला.

चाचांनी नुसतं घराच्या फाटकाकडं बोट केलं. तिथं चाची उभ्या होत्या.

मग ते हळू आवाजात सांगत गेले. चाचींची नजर उतरत चाललीय, डॉक्टरांनीही हात टेकलेत. पण चाचा बाहेर गेले की फाटकात वाट बघत उभं राहायची सवय काही सुटत नाही. एकदा त्या भलत्याच माणसाच्या गाडीचं दार उघडून आत बसल्या. त्या दिवशी घरी येऊन खूप रडल्या.

"निळी दिसंना झाली, तवा लाल केली," चाचा म्हणाले. "आता लाल बी काळी दिसती म्हणती. पिवळं तेवढं कळतंय तिला."

मी विचारलं, "आणि पिवळंही दिसेनासं झालं तर?"

चाचांनी बाहीनं काच पुसली.

"मग गाडी कशाला, पाटील? हात धरून चालत जाऊ की."

तिकडं फाटकातून चाचींनी हात हलवला. बरोबर आमच्याच दिशेनं.