चप्पल उलटी कर!

समस्त सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजात गरिबी मोजायचं यंत्र बसलेलं आहे. त्याला टक्कल आहे आणि चष्म्याला दोरी. नाव जगदाळे सर. मूळचे फिटरचे मास्तर. पण गरजू मुलांच्या गरजा शोधायचं काम वरून आलं आणि प्राचार्यांनी ते यांच्या गळ्यात बांधलं. तेव्हापासून बारामती ते इंदापूर एकही गरीब सुखानं गरीब राहिलेला नाही.

सरांचा फॉर्म चाळीस प्रश्नांचा. घराला खिडक्या किती, त्यातल्या उघडतात किती, शेरडं कुणाच्या नावावर. सदतिसावा प्रश्न तर कहर: 'घरी गेल्यावर विचारपूस करणारे कोणी आहे का?' हा मी स्टाफरूममध्ये रडक्या आवाजात वाचून दाखवायचो आणि फुकटचा चहा मिळवायचो.

एवढं लिहून घेऊनही सरांचा कागदावर विश्वास नाहीच. पोरगं समोर आलं की हुकूम, "चप्पल उलटी कर!" तळ झिजलेला असेल तर गरजू. नसेल तर, "गरज सिद्ध कर!"

यंदा समोर आली भिगवणची नसरीन. वडील मासळी विकतात, ही फिटरला. प्रात्यक्षिक सुटायच्या आधीच तिची शेवटची एसटी जाते, म्हणून रोज अर्धा तास आधी पळायची. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असं प्राचार्यांनी बजावलेलं. आणि पायात चप्पल नवीकोरी! सरांनी शेरा मारला: 'गरज नाही'.

"सर, चप्पल बहिणीची हाय," नसरीन म्हणाली. "आन् तुमी खिडक्या इचारल्या, शेरडं इचारली. एसटी किती वाजता जाती, ते कुठं इचारलंय?"

सरांनी फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला. चेहरा असा, की जणू त्यांचीच चप्पल कुणी उलटी केली. मी दिवसभर हसलो.

पुढं महिन्याभरानं, स्टाफरूममध्ये विसरलेली किल्ली घ्यायला मी सकाळी सातलाच कॉलेजात गेलो. वर्कशॉप उघडं. नसरीन कानस चालवत होती. सर जादा तासांच्या वहीत तिची हजेरी मांडत होते, शेजारी थर्मास आणि दोन कप.

"सर, खोकल्याचं औषध घेतलं का काल?" नसरीननं मान वर न करता विचारलं.

"घेतलं, घेतलं. तू हात सरळ धर."

असा मौका मी सोडतो काय! दारातूनच गरजलो, "जगदाळे सर, एका पोरीसाठी रोज एवढ्या सकाळी? गरज सिद्ध करा!"

कानस थांबली. सर दचकले आणि तोंडातून निघूनच गेलं, "सदतिसावा प्रश्न वाचा की राव! माझं उत्तर 'न्हाय' हाय."